फोटोंचा वॉर्ड

पवनीत मी केलेलं पहिलं काम म्हणजे हात धुणं. साकोलीहून बदलून आले होते, जनावरांच्या दवाखान्यात रुजू झाले होते, आणि संध्याकाळी खोली बघायला नदीकडच्या गल्लीतल्या एका घरी गेले. दारात बादली, मग आणि साबणाची वडी. खुंटीला पांढराशुभ्र टॉवेल. आतून आवाज आला, "हात धुवा आधी. कोपरापासून."

जनावरांची डॉक्टर असल्यामुळे कोपरापासून हात धुणं मला नवं नव्हतं. खोली भाड्यानं घेण्यासाठी मात्र पहिल्यांदाच धुतले. पांढरी साडी नेसलेल्या, बारीक चणीच्या एक बाई बाहेर आल्या. माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "नखं कापत जा. बाकी ठीक आहे. खोली वरती आहे."

खोलीबद्दल आमचं बोलणं एवढंच झालं. पुढचा तासभर त्यांनी मला फोटो दाखवले.

सगळं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली, तीही बहुतेक बाळंतिणींच्या खोलीत. रस्त्यानं चालताना मिशा पिकलेला माणूस दिसला तरी त्या सांगायच्या, "हा पायाळू होता. लई रडवलं यानं." लग्न केलेलं नव्हतं. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "टाइमच नाही भेटला बेटा. जवा जवा पाव्हणे पाहाले येत, तवा तवा कोनी ना कोनी जन्मतच राहे."

घराच्या खालच्या मजल्यावर दोन खोल्या. लहान खोलीत त्या राहायच्या. मोठीला त्या 'वॉर्ड' म्हणत. तिथे दवाखान्याच्या भंगारातून आणलेले लोखंडी पलंग होते, त्यांच्यावर स्वच्छ चादरी, वर मच्छरदाण्या, आणि चादरींवर गावाचे जुने फोटो निजवलेले. वाळवीनं खाल्लेला फोटो आला की त्या म्हणायच्या, "सीरियस आहे." कडा चिकटवून, डाग पुसून झाला की भिंतीवर जायचा. भिंतीवर जागा मिळालेले फोटो 'सुधारले' असं धरलं जाई. वरच्या मधल्या खुंटीवर त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा फोटो होता. दोघंही पांढऱ्या कपड्यांत, मागे पांढरी भिंत. ऊन पडलं की त्या फोटोत फक्त दोन काळेभोर चेहरे हवेत तरंगताना दिसायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर त्यांच्या मोहल्ल्यातलं ते पहिलं लग्न, असं त्या सांगायच्या आणि मग हलकेच म्हणायच्या, "माय म्हणे, त्या दिवशी मले वाटलं का मी धुऊन निघाली."

खिडकीच्या कट्ट्यावर वस्तू असत. कोष्ट्याच्या मागावरचा धोटा, नावेवरची घंटा, धान मोजायची पितळी पायली, आणि नांगराला लागून वर आलेली एक रुंद, जुनी वीट. इतर ठिकाणी अशा वस्तूंजवळ 'हात लावू नये' लिहितात. सिस्टरबाईंनी खडूनं लिहिलं होतं, 'हात लावा.' हात धुवायला लावण्याचं कारण ते होतं. गावात आलेले मोठे पुढारी, अधिकारी, सगळे त्या बादलीजवळ वाकले होते. एकानं नुसतीच बोटं बुडवली, तर त्याला परत पाठवलं. "बाळाले असेच हात लावता का?" असं विचारून.

त्या विटेवर एका प्राण्याच्या पावलाचा ठसा होता. माती ओली असताना कोणीतरी वरून चालत गेलं होतं. मी राहायला आले त्याच आठवड्यात सिस्टरबाईंनी ती वीट माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्ही डॉक्टर आहा ना? मंग सांगा. कुत्रा होय का कोल्हा?"

मी बोटानं ठसा चाचपला. गाद्या, नखांची टोकं, सगळं होतं. "कुत्रा," मी म्हणाले. "फार मोठा नाही."

त्यांनी डोळे मिटले. वीट किती जुनी ते जाणकारांनी सांगावं, पण नदीकाठी स्तूप उभे राहत होते तेव्हाची असावी अशी त्यांची खात्री होती. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "विटा वाळत घालून राहिले असन. हा मधातून आला. कोनीतरी 'हाड' म्हणलं असन." मग डोळे उघडून हसल्या. "ते 'हाड' नाही भेटत आता कुठं. पाय भेटला."

हे सगळं सुरू कसं झालं तेही एकदा त्यांनी सांगितलं. एका घरी बाळंतपण करायला गेल्या होत्या. वेळ होता म्हणून अंगणात बसल्या. समोर कोंबड्यांचं खुराडं, आणि खुराड्याच्या खिडकीला काचा. सूर्य मावळतीला आला, उजेड काचांमागून आला, आणि काचेत एक लग्नाची वरात उभी राहिली. माणसांचे चेहरे काळे नाहीत, उजळ नाहीत, काहीतरी भलतेच. केस पांढरे, दात काळे, नवरदेवाचा फेटा धुरासारखा. त्यामागून कोंबड्या इकडून तिकडे फिरत होत्या. गावातला जुना स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकानं काचेच्या निगेटिव्ह काच म्हणून विकून टाकल्या होत्या आणि त्या अशा घराघरांत बसल्या होत्या.

"मले वाटलं, मी झोपली का काय," सिस्टरबाई म्हणाल्या. "तितक्यात आतून पोरगं रडलं. मंग समजलं, जागीच आहो."

त्यांनी त्या घरी नव्या काचा बसवून दिल्या आणि जुन्या पदरात गुंडाळून आणल्या. त्यानंतर बाळंतपणाची साडी कोणी देऊ केली की त्या म्हणायच्या, साडी नको, भिंतीवरचा तो फोटो देता का? लोक देत. बहुतेकांना त्या फोटोत कोण आहे हे माहीतच नसे.

ते शोधून काढणं हा सिस्टरबाईंचा खरा नाद. त्यांची पद्धत कानांची होती. "तोंड बदलते, चाल बदलते. कान नाही बदलत. मी कान पाहूनच पोरं ओळखे." भिंग घेऊन त्या तासन् तास मेलेल्या माणसांचे कान बघत बसायच्या आणि बाजारात जिवंत माणसांचे. लोक डोक्यावरचा रुमाल सारखा करत पुढे निघून जायचे.

या कानांपायी एकदा भांडण झालं. कापडवाल्यांच्या घरच्या एका जुन्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या मांडीवर एक पोर बसलेलं होतं. सिस्टरबाईंनी भर अंगणात सांगून टाकलं की हे कान तेलघाणीवाल्यांच्या घरचे. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, पण ऐकणाऱ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. दोन्ही घरांचं जाणंयेणं बंद झालं, लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या. कितीतरी दिवसांनी कापडवाल्यांची एक म्हातारी आत्या माहेरी आली. ती फोटो पाहून खो खो हसली. कॅमेरा लावल्याबरोबर शेजारचं पोर धावत येऊन नवरदेवाच्या मांडीवर चढलं होतं आणि उतरायलाच तयार नव्हतं! कान बरोबर होते. अर्थ चुकला होता.

तेव्हापासून सिस्टरबाईंनी नियम केला. वेगवेगळ्या घरच्या दोघांनी सांगितल्याशिवाय फोटोच्या मागे पेन्सिलीनं नाव लिहायचं नाही. आणि लिहिलेलं नाव खोडायचं नाही.

हिवाळ्यात रविवारी फोटोंना हवा दाखवायचा कार्यक्रम असे. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत पलंग यायचे, त्यांवर मच्छरदाण्या. धुकं नदीवरून उठून गल्लीत शिरलेलं असे आणि ते हळूहळू निवळत जाई. आधी मच्छरदाण्या दिसत, मग त्यांच्या आतली माणसं. धान कापायला निघालेल्या बाया, मळणी संपवून आलेले गडी विळे खाली ठेवून हात धुवायचे आणि बघत उभे राहायचे. कोणी मोठ्यानं बोलत नसे. मी वरच्या खोलीच्या गच्चीवरून बघायचे. कितीदा मला वाटे, खाली उभे असलेले आणि पलंगावर निजलेले यांच्यात फार फरक नाही. सगळेच एकमेकांकडे टक लावून बघतायत.

अशाच एका रविवारी एक आजी आल्या. नदीपलीकडचं त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, आता त्या पुनर्वसनाच्या वस्तीत राहत होत्या. ऑटोतून एकट्याच आल्या. मी तेव्हा खाली अंगणातच होते. हात धुतले, पदराला पुसले, तर सिस्टरबाईंनी टॉवेल दाखवला. मग टॉवेलाला पुसले.

"आमच्या घाटाचा फोटो हाये म्हनते तुमच्यापाशी?"

सिस्टरबाईंनी मच्छरदाणी वर केली. फोटोत नदी होती, काठाला लागलेली नाव, आणि डोक्यावर टोपल्या घेऊन नावेत चढणाऱ्या बाया. सगळ्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. एकच बाई बघत नव्हती. तिनं पाठ फिरवली होती, एक पाय नावेत, एक पाण्यात.

आजींनी तो फोटो दोन्ही तळहातांवर घेतला. त्यांचं तोंड आधी कोरडं होतं तसंच राहिलं, फक्त अंगठा त्या पाठमोऱ्या बाईवर येऊन थांबला. "हे माही माय," त्या म्हणाल्या.

मी सिस्टरबाईंकडे बघितलं आणि मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. त्या फोटोच्या मागे त्या पाठमोऱ्या बाईचं नाव लिहिलेलं होतं. ती पवनीच्याच एका कोष्ट्याची बायको होती. दोन वेगळ्या घरच्या म्हाताऱ्यांनी ते सांगितलं होतं.

"मांगून नाव लिवतं म्हनते तुमी," आजी म्हणाल्या. "लिवा मंग. माह्या मायचं नाव लिवा."

सिस्टरबाईंनी पेन्सिल घेतली. खूप वेळ ती बोटांत फिरवली. मग आजींच्या शेजारी पलंगाच्या लोखंडी कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, हे तुमची माय नव्हे."

"तू पाह्यली होती का माह्या मायले?"

"नाही."

"मंग?"

"दोघी जनी सांगून गेल्या. दुसरी बाई होय हे."

आजींनी फोटो खाली ठेवला नाही. रागावल्याही नाहीत. धुक्याकडे बघत हळूहळू बोलायला लागल्या. "मी लहान होती, तवाच गेली ते. तिचं तोंड याद नाही मले. लई याद कराले पाह्यलं, नाही येत. एकच याद हाये. धान रोवाचे दिस होते. ते बांधीकडं जाऊन राहिली, आन् मी घराच्या दारातून पाहून राहिली. ते मांगं फिरून नाही पाह्यली. तिची पाठच तं हाये माह्यापाशी. मंग पाठ नाही ओरखनार मी?"

मला वाटलं, आता सिस्टरबाई नाव लिहितील. कोणीही लिहिलं असतं. एका मेलेल्या बाईच्या जागी दुसरी मेलेली बाई, कुणाचं काय बिघडणार होतं? पण त्यांचा चेहरा पाहून वाटत होतं की त्यांना प्रचंड त्रास होतोय. आयुष्यभर त्यांनी कुणाचं मूल कुणाच्या कुशीत जाऊ दिलं नव्हतं.

त्यांनी फोटो उलटा केला. आधीच्या नावाखाली, बारीक अक्षरात, सावकाश काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं. "पाण्याखाली गेलेल्या गावची एक मुलगी हिला आपली आई म्हणते."

आजी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "मुलगी म्हने मले! आता मसनात जाचे दिस आले, आन् मुलगी!"

"मायच्या फोटोमांगं मंग काय लिवू? आजी?"

त्या फोटोची एक प्रत काढून सिस्टरबाईंनी नंतर वस्तीत जाऊन दिली. त्या दिवशी मात्र ऑटो गेल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टरबाई, खोटं तं नाही लिवलं ना मी?"

"नाही."

"मंग झालं," म्हणाल्या आणि मच्छरदाणी खाली सोडली.

पूर आला तो माझ्या पवनीतल्या शेवटच्या वर्षी. आमच्याकडे पाऊस नव्हता. आकाश धुतल्यासारखं निळं होतं, छान ऊन पडलेलं होतं, आणि रिक्षावरचा भोंगा सांगत फिरत होता की वरच्या धरणांची दारं उघडली आहेत, नदीकाठच्यांनी सामान हलवावं. दुपारी मी नदीकाठची जनावरं उंचावर नेऊन परत आले तर पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं. त्याला आवाज नव्हता. एक लाकडी पाट, एक झेंडूची माळ, कोणाची तरी एक चप्पल, असं घेऊन ते अगदी संथपणे आत येत होतं.

सिस्टरबाई वॉर्डातून फोटो काढून जिन्यावरून माझ्या खोलीत नेत होत्या. एकट्या. कुणाला हाक मारली नव्हती, कारण ज्याला त्याला आपापलं घर होतं. मी हात लावला. मग समोरचे गुरुजी आले, त्यांचा मुलगा आला, शेजारची सून आली, आणि जिन्यावर माणसांची रांग लागली. तेवढ्यात खालून ओरडणं ऐकू आलं. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून सिस्टरबाई प्रत्येकाला अडवत होत्या. "आधी हात धुवा! तसेच नका लावू!"

"सिस्टरबाई, सारी नदी आली ना धुवाले!" गुरुजी ओरडले.

"ते घाण पानी आहे. साबण घ्या!"

आणि लोकांनी साबण घेतला. आजही मला ते खरं वाटत नाही. पूर घरात शिरतोय आणि माणसं ओळीनं कोपरापासून हात धुतायत.

त्यांचा स्वतःचा टीव्ही, शिलाई मशीन, कपाट, सगळं खालीच राहिलं. आणि पलंगाखालची एक मोठी ट्रंकही. तिच्यापर्यंत पोचता पोचता दिवे गेले आणि पाणी कमरेला आलं.

पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली, तर आत फोटोंचा एक चिखलाचा ठोकळा. मी समजले, संपलं. पण सिस्टरबाईंनी बाह्या वर केल्या. स्वच्छ पाण्याच्या परातीत तो ठोकळा ठेवला आणि बोटांच्या टोकांनी, जराही न ओढता, एकेक फोटो सुटा करायला लागल्या. परात पुरेना, तर घराघरांतून पराती आल्या. दोऱ्या पुरेनात, तर गल्लीतल्या सगळ्या वाळवणाच्या दोऱ्या आल्या. ज्यांच्या स्वतःच्या घरात अजून चिखल होता त्यांनी आधी फोटो वाळत घातले. या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्याच दोऱ्या आणि दोऱ्यांना चिमट्यांनी लटकलेलं गाव. काही चेहरे धुऊन गेले होते. पांढऱ्या डागाखाली नुसता फेटा, नुसतं जोडवं घातलेलं पाऊल. वारा आला की सगळे एकदम हलायचे.

आणि लोक बघत होते. वॉर्डात पाहुण्यासारखे येऊन बघायचे तसं नाही, आपल्या दारात उभं राहून, आपल्या दोरीवरचे. "अरे, हे तं आपली विहीर." "हे घर कोनाचं?" "थांब, बाबाले बोलावतो."

संध्याकाळी सिस्टरबाई फोटो गोळा करायला बाहेर पडल्या. सुपासारखी मोठी टोपली घेऊन गेल्या. खूप वेळानं परत आल्या, तर टोपली रिकामी.

"काय झालं? दिले नाहीत कोणी?"

"देऊन राहिले होते." त्या पायरीवर बसल्या. पायांना चिखल, साडीला चिखल, आणि चेहरा शांत. "पाह्यलं मी. कोनी देवाजवळ ठेवला, कोनी आरशात अडकवला. एका घरी तं सारे जेवाचे थांबले होते, फोटोतल्या म्हाताऱ्याचं नाव आठवून राहिले होते. मंग मी म्हणलं, राहू द्या." रिकामी टोपली पालथी घातली. "डिस्चार्ज दिला बेटा. किती दिवस ठेवता मानसाले दवाखान्यात?"

पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्या खोलीत वाचवून ठेवलेले फोटोही वाटायला सुरुवात केली. ज्याचं घर त्याचा फोटो. माझी बदली झाली तेव्हा वॉर्डात रिकामे पलंग होते.

मी मागच्या हिवाळ्यात पवनीला गेले होते. सिस्टरबाई आता खूप थकल्या आहेत आणि विसरायला लागल्या आहेत. मला त्यांनी ओळखलं नाही, पण बस म्हणाल्या, प्रेमानं चहा पाजला. गुरुजींनी सांगितलं की रोज संध्याकाळी कोणीतरी त्यांचा हात धरून आपल्या घरी नेतं. आज या घरी, उद्या त्या घरी. त्या तिथे बसतात आणि फोटो बघतात.

त्या दिवशी शेजारच्या घराची पाळी होती. मीही गेले. सुनेनं भिंतीवरचा फोटो काढून सिस्टरबाईंच्या मांडीवर ठेवला. कोरड्या नदीच्या वाळूत एक माणूस सायकल धरून उभा आहे आणि सायकलला मागे बाजाची पेटी बांधलेली.

"हा कोन होय?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"हा आमच्या सासऱ्याचा मामा," सून सांगायला लागली. "दंडारीच्या खेळात पेटी वाजवे. गावोगाव जाय. एकदा नदी पार करून राहिला होता, तं सायकल घसरली आन् पेटी पान्यात."

ही गोष्ट मी पूर्वी सिस्टरबाईंच्या तोंडून ऐकली होती. त्यांच्या सांगण्यात पाणी नव्हतं, सायकल घसरत नव्हती. तो माणूस पेटी दुरुस्तीला घेऊन चालला होता, बस. आता घरातल्या कोणी तरी त्यात पाणी ओतलं होतं. मी सिस्टरबाईंकडे बघितलं. वाटलं, त्या थांबवतील. दुसरं कोण सांगते, म्हणून विचारतील. त्या फोटोवरून हात फिरवत होत्या, आणि त्यांचे डोळे एखाद्या लहान पोरीसारखे मोठे झाले होते.

"बाप्पा!" त्या म्हणाल्या. "मले मालूमच नव्हतं."

मग सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवून, जरा पुढे सरकून त्यांनी विचारलं, "मंग? पेटी भेटली का त्याले?"